रॉबर्ट बर्न्स : पवित्र जत्रेचा कवी आणि शेतकऱ्यांचा ग्रंथपाल

स्कॉटलंडचा राष्ट्रकवी म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्या रॉबर्ट बर्न्सला अवघे सदतीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील बहुतेक काळ नांगरामागे चालण्यात आणि उरलेला अबकारी खात्याच्या नोकरीत गेला. आपल्याकडील वाचकांना तो मुख्यतः प्रेमगीतांचा कर्ता म्हणून परिचित आहे. परंतु त्याच्या कवितेचे मूळ जाणून घ्यावयाचे, तर तो ज्या प्रेसबिटेरियन ख्रिस्ती समाजात वाढला त्याचे उपासनेचे आणि स्नेहमेळाव्यांचे वर्षचक्र आधी ध्यानात घ्यावे लागते. या समाजाने त्याला घडविले, भर उपासनेत उभे करून त्याची कानउघाडणी केली, आणि अखेर आपल्या दिनदर्शिकेत त्याच्यासाठी एक दिवस राखून ठेवला.

१५६० सालच्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये जी मंडळी उभी राहिली, तिचा कारभार पुढे बिशपांच्या हाती न राहता पाळक आणि लोकांतून निवडलेले वडील यांच्या सभांकडे आला. गावच्या या सभेला किर्क-सेशन म्हणत आणि तिच्यावर प्रेसबिटरी नावाची परगण्याची सभा असे. ज्यांचे नाव मुंबईच्या विल्सन कॉलेजने धारण केले आहे, ते डॉ. जॉन विल्सन (१८०४–१८७५) याच परंपरेतले. या मंडळीला सणावारांचे वावडे होते. बायबलात ज्याला आधार नाही तो सण पाळू नये, असा तिचा दंडक होता. १६४० साली तेथील संसदेने नाताळची सुटीच रद्द केली आणि नाताळचा दिवस स्कॉटलंडमध्ये पुन्हा सार्वजनिक सुटीचा झाला तो १९५८ साली. मधल्या काळात खेड्यापाड्यांतील माणसे २५ डिसेंबरला नेहमीप्रमाणे कामावर जात आणि आनंद करीत तो वर्ष सरत्या रात्री.

सण गेले, तरी माणसाची एकत्र जमण्याची भूक जात नाही. ती भूक भागविली प्रभुभोजनविधीने. हा विधी वर्षातून चार वेळा व्हावा अशी सुधारकांची मूळ योजना होती. पण खेड्यांत तो बहुधा वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात होऊ लागला आणि एका उपासनेचा चांगला चार-पाच दिवसांचा सोहळा बनला. गुरुवार उपवासाचा. त्या दिवशी शेतीची कामे बंद. शनिवारी तयारीची प्रवचने. ज्यांची वागणूक समाधानकारक ठरे त्यांना वडील मंडळी शिशाचा एक लहानसा बिल्ला देत. तो दाखविल्याखेरीज रविवारी मेजाशी बसता येत नसे. रविवारी लांबच लांब मेजे मांडून पाळीपाळीने लोक प्रभुभोजनास बसत आणि सोमवारी आभारप्रदर्शनाची उपासना होऊन सोहळा संपे. आसपासच्या गावांचे पाळक मदतीला येत आणि त्यांच्या मागोमाग त्या त्या गावची माणसेही येत. देवळात एवढी गर्दी मावत नसे. मग आवारात लाकडी व्यासपीठ उभारून एकामागून एक प्रवचने चालत. १७४२ साली ग्लासगोजवळच्या कँबसलँग येथे अशा मेळाव्यास सुमारे तीस हजार लोक जमल्याची नोंद आहे. जेथे एवढी माणसे जमतात तेथे खाणेपिणे येते, गाठीभेटी होतात, सोयरिकी जुळतात आणि भांडणेही होतात. आपल्या जत्रांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. या मेळाव्यांत भक्तीपेक्षा गोंधळच अधिक होतो, अशी तक्रार करणारे, एका लोहाराच्या नावाने लिहिलेले पत्र १७५९ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. बर्न्सचा जन्म त्याच वर्षीचा.

२५ जानेवारी १७५९ रोजी एअरशायर परगण्यातील अ‍ॅलोवे या खेड्यात, वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या मातीच्या घरात तो जन्मला. काही दिवसांतच हिवाळी वादळाने त्या घराची एक भिंत पाडली आणि तान्ह्या बाळाला घेऊन आईला शेजाऱ्यांच्या घरी आसरा घ्यावा लागला. सात भावंडांत तो थोरला. आई अ‍ॅग्नेस हिला जुनी लोकगीते मुखोद्गत होती. वडील विल्यम पेशाने माळी, पुढे कुळाने शेती करणारे. ते अत्यंत धर्मनिष्ठ होते, पण त्यांची निष्ठा कोरडी नव्हती. मुलांना धर्म समजावा म्हणून त्यांनी पितापुत्र-संवादाच्या रूपात एक लहानशी पोथीच तयार केली. शेजाऱ्यांशी मिळून त्यांनी जॉन मर्डॉक नावाचा तरुण शिक्षक ठेवला आणि दिवसभराच्या कष्टांनंतर दिव्याच्या उजेडात ते स्वतःही मुलांना शिकवीत. आठवडा सरला की शनिवारी रात्री सारे कुटुंब चुलीभोवती बसे, वडील बायबल उघडीत, स्तोत्र गायले जाई आणि प्रार्थना होई. या घरगुती उपासनेचे चित्र बर्न्सने पुढे ‘द कॉटर्स सॅटरडे नाइट’ या कवितेत रेखाटले आणि ती कविता एअरचे वकील रॉबर्ट एकन यांना अर्पण केली. त्याच्या हयातीत आणि नंतरही स्कॉटलंडच्या घराघरांत या कवितेला मानाचे स्थान मिळाले.

शेतीने मात्र या कुटुंबाला कधी यश दिले नाही. माउंट ऑलिफंट आणि नंतर लॉखली, दोन्ही ठिकाणची जमीन नापीक आणि खंड जबर. कोवळ्या वयात मोठ्या माणसाचे काम अंगावर पडल्याने रॉबर्टच्या हृदयाला कायमचा अपाय झाला असावा, असे आज मानले जाते. तरीही नोव्हेंबर १७८० मध्ये टारबोल्टन गावी त्याने भावाच्या व काही मित्रांच्या साहाय्याने अविवाहित तरुणांचे एक वादविवाद मंडळ काढले. रानटी अवस्थेतला माणूस अधिक सुखी की सुधारलेल्या देशातला शेतकरी, असे विषय ही शेतकऱ्यांची मुले महिन्यातून एकदा चर्चेस घेत. उपासनेच्या बाहेरही माणसांनी विचारासाठी एकत्र यावे, ही त्याची ओढ येथे प्रथम दिसते. जमीनमालकाशी चाललेल्या दाव्याने खंगलेले वडील फेब्रुवारी १७८४ मध्ये वारले. त्यांना अ‍ॅलोवेच्या पडक्या देवळाच्या आवारात मूठमाती देण्यात आली आणि कुटुंब मॉखलिन गावच्या हद्दीतील मॉसगील या शेतावर राहावयास आले.

मॉखलिनला बर्न्सची किर्क-सेशनशी गाठ पडली. तेथील पाळक विल्यम ऑल्ड हे १७४२ पासून त्या गावी होते. ते शिस्तीचे कडक आणि जुन्या मताचे अभिमानी होते. त्या काळी स्कॉटिश मंडळीत दोन तट होते. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरविले आहे, या सिद्धान्तावर भर देणारे ते जुन्या प्रकाशाचे. बुद्धी, सदाचार आणि दया यांना महत्त्व देणारे ते नव्या प्रकाशाचे. हा वाद केवळ ग्रंथांतला नव्हता. १७८४ च्या ऑगस्टमध्ये प्रभुभोजनाच्या सुमारास सेशनने वकील गॅव्हिन हॅमिल्टन यांच्यावर ठपका ठेवला. ते उपासनेस नियमित येत नाहीत, रविवारी प्रवास करतात आणि घरी कौटुंबिक प्रार्थना करीत नाहीत, असे आरोप होते. हॅमिल्टन हे बर्न्सचे जमीनमालक आणि मित्र. त्यांनी एअरच्या प्रेसबिटरीकडे दाद मागितली. त्यांची बाजू रॉबर्ट एकन यांनी मांडली आणि जानेवारी १७८५ मध्ये निकाल हॅमिल्टन यांच्या बाजूने लागला.

या प्रकरणातून ‘होली विलीज प्रेयर’ ही उपहासकविता जन्मली. सेशनमधील विल्यम फिशर नावाचे एक वडील एकान्तात प्रार्थना करीत आहेत, अशी तिची कल्पना आहे. स्वतःच्या पापांना सबब शोधणारा आणि दुसऱ्यांच्या पापांना शिक्षा मागणारा हा भक्त आपल्याच तोंडाने आपले सोंग उघडे पाडतो. कविता हस्तलिखित स्वरूपात हातोहात फिरली. बर्न्सने ती आपल्या पुस्तकात घातली नाही, पण गावातील वडिलांच्या सभेला ती ठाऊक होती आणि तिने ती विसरली नाही.

त्याच १७८५ साली त्याने ‘द होली फेअर’ लिहिली. मॉखलिनचा प्रभुभोजन-सोहळा ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी होत असे. उन्हाळ्यातील प्रसन्न रविवारच्या सकाळी कवी रानात फिरावयास निघतो आणि वाटेत त्याला तीन तरुणी भेटतात. एक अंधश्रद्धा, दुसरी दांभिकता. दोघी काळ्या वेषात, लांबट चेहऱ्याच्या. तिसरी गंमत, हसत बागडत येणारी. गंमत त्याचा हात धरून त्याला जत्रेस नेते. पुढे सारा मेळावा डोळ्यांपुढे उभा राहतो. दारात दानपात्राशी पहारा देणारे वडील, नरकाच्या वर्णनाने श्रोत्यांना कापरे भरविणारा एक उपदेशक, नीतीचे थंड व्याख्यान सुरू होताच त्याच्यापुढून उठून मद्याच्या पिंपांकडे वळणारे श्रोते, प्रवचनाच्या ऐन भरात पेंगणारे म्हातारे, पिशव्यांतून भाकरी आणि चीज काढून वाटणाऱ्या गृहिणी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेली तरुण जोडपी. कवितेचा छंद जुन्या स्कॉटिश जत्रागीतांचा आहे आणि त्यात रॉबर्ट फर्गसन या अकाली निवर्तलेल्या कवीचे ऋण स्पष्ट दिसते.

या कवितेचे मर्म तिच्या समतोलात आहे. वरवर पाहता ती धर्माची टवाळी वाटते. परंतु बर्न्सने प्रभुभोजनाच्या विधीला बोटही लावलेले नाही. मेजाशी घडणारा पवित्र प्रसंग तो कवितेत आणतच नाही. त्याचा रोख आहे तो भयाचा धंदा करणाऱ्यांवर आणि दुसऱ्यांचे बिल्ले रोखणाऱ्यांवर. जमलेल्या सामान्य माणसांवर मात्र त्याचा राग नाही. भाकरी वाटणारी बाई आणि पेंगणारा म्हातारा त्याला हवेहवेसे वाटतात. वर्षभर राबणाऱ्या माणसांना चार दिवस एकत्र येण्यास दुसरी जागा नव्हती, हे तो जाणत होता. घरातील शनिवारच्या प्रार्थनेचे आदराने चित्र काढणारा कवी आणि या जत्रेस हसणारा कवी हे एकच आहेत. दोन्ही कविता अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने लिहिलेल्या आहेत. उंदराचे बीळ नांगराने मोडले म्हणून त्या जिवाची क्षमा मागणारी प्रसिद्ध कविताही त्याच हंगामातली.

बर्न्स स्वतः निर्दोष नव्हता. मे १७८५ मध्ये घरातील एका मोलकरणीपासून त्याला मुलगी झाली आणि तिला त्याच्या आईने वाढविले. पुढच्या वर्षी गवंडी जेम्स आर्मर यांची मुलगी जीन हिला त्याच्यापासून दिवस गेले. त्याने तिला विवाहाचा कागद लिहून दिला होता, पण तिच्या वडिलांना असा जावई नको होता. त्यांनी तो कागद निकामी करविला. दुखावलेल्या बर्न्सने जमेकास जाण्याचा बेत केला. तेथे त्याला गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यावर कारकुनी करावयाची होती. माणसाच्या समतेची गाणी पुढे लिहिणाऱ्या कवीने अशी नोकरी पत्करावी, ही गोष्ट त्याच्या चरित्रातून पुसता येत नाही.

सेशनने या जोडप्यास प्रायश्चित्त सांगितले. तीन रविवार भर उपासनेत सर्वांसमक्ष उभे राहून पाळकांची कानउघाडणी ऐकावयाची. बर्न्सला लाजेच्या चौरंगाऐवजी आपल्या नेहमीच्या जागी उभे राहण्याची सवलत मिळाली. ३१ जुलै १७८६ रोजी किल्मार्नॉक येथे त्याचा पहिला कवितासंग्रह बाहेर पडला. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. ‘द होली फेअर’ त्यात होती. त्यानंतर सहाच दिवसांनी, ६ ऑगस्टला, त्याची तिसरी हजेरी झाली आणि जीन व अन्य तिघांसह त्याला दोषमुक्त करण्यात आले. पुस्तकात ज्यांच्या जत्रेवर तो हसला, त्यांच्याच समोर त्याने मान खाली घालून शब्द ऐकून घेतले. त्याला ही मंडळी सोडून जाता आली असती, पण तो गेला नाही. हॅमिल्टनसारख्यांवर घाव घालणारी हीच शिस्त, बाप नाकारणाऱ्या पुरुषांकडून अनाथ लेकरांचा खर्चही वसूल करीत असे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

संग्रहाच्या प्रती महिनाभरात संपत आल्या. सप्टेंबरमध्ये जीनला जुळी मुले झाली. एडिंबरोचे अंध कवी डॉ. ब्लॅकलॉक यांनी पुस्तकाची मनापासून प्रशंसा करणारे पत्र लाउडनचे पाळक जॉर्ज लॉरी यांना लिहिले. ते पत्र बर्न्सपर्यंत पोहोचले, जमेकाचा बेत मागे पडला आणि नोव्हेंबरमध्ये तो राजधानीस गेला. तेथे त्याचा मोठा सन्मान झाला. एप्रिल १७८७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. हाती पैसा येताच त्याने फर्गसनच्या बेवारस थडग्यावर शिळा बसविण्याची व्यवस्था केली. १७८८ मध्ये त्याने जीनशी विवाह केला. ऑगस्टमध्ये मॉखलिनच्या सेशनने पुन्हा एकवार कानउघाडणी करून तो विवाह मान्य केला आणि बर्न्सने गावच्या गरिबांसाठी एक गिनी दिली.

त्यानंतर डंफ्रीसजवळील एलिसलंड या शेतावर तो राहावयास गेला. तेथे त्याने केलेले एक काम ग्रंथप्रेमी वाचकांस विशेष जवळचे वाटेल. शेजारचे जमीनदार रॉबर्ट रिडेल यांच्या साहाय्याने त्याने आसपासच्या कुळांचे आणि शेतकऱ्यांचे एक ग्रंथालय काढले. त्याचे नाव मंकलंड फ्रेंडली सोसायटी. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक सभासदाने पाच शिलिंग द्यावयाचे, दर चौथ्या शनिवारी सभा भरावयाची आणि त्या वेळी आणखी सहा पेन्स द्यावयाचे. त्या पैशांतून पुस्तके येत आणि ती आळीपाळीने वाचली जात. बर्न्स या संस्थेचा खजिनदार, ग्रंथपाल आणि ग्रंथनिवड करणारा, सारे काही होता. एडिंबरोचे पुस्तकविक्रेते पीटर हिल यांना त्याने पाठविलेल्या मागण्या आजही उपलब्ध आहेत. सभासदांना धर्मग्रंथ, उपदेशपर पुस्तके आणि धर्मसुधारणेचा इतिहास हवा असे. ग्रंथपालाचा ओढा ललित निबंध आणि कादंबऱ्यांकडे होता. त्याने दोन्ही मागविले. ज्यांच्या धर्ममतांशी त्याचे पटत नव्हते, त्यांची पुस्तके मागविताना त्याने हात आखडता घेतला नाही. तीन वर्षांची मुदत ठरलेली ही संस्था संपली तेव्हा दीडशेहून अधिक ग्रंथ जमले होते आणि ते सभासदांतच लिलावाने वाटले गेले.

सर जॉन सिंक्लेअर यांनी त्या सुमारास साऱ्या स्कॉटलंडची गावोगावची माहिती पाळकांकडून मागवून ग्रंथरूपाने छापण्याचे काम हाती घेतले होते. डन्स्कोरच्या पाळकांनी पाठविलेल्या वृत्तान्तात या ग्रंथालयाचा उल्लेखच नव्हता. तेव्हा बर्न्सने स्वतः पत्र लिहून संस्थेची हकीकत कळविली आणि सिंक्लेअर यांनी ती आपल्या ग्रंथात समाविष्ट केली. नांगर धरणाऱ्या माणसाला वाचनाने विचाराची आणि विरंगुळ्याची संपत्ती लाभते, हा त्या पत्राचा आशय आहे. ज्या दिवशी वडिलांच्या घरात बायबल उघडले जाई, त्याच शनिवारी ही सभा भरत असे. तेथे बिल्ला नव्हता, होती ती सहा पेन्सची वर्गणी.

शेती येथेही फसली. १७८९ पासून तो अबकारी खात्यात काम करू लागला आणि १७९१ मध्ये डंफ्रीस गावी राहावयास गेला. या वर्षांत त्याने एका मोबदल्याविना करावयाच्या कामाला स्वतःला वाहून घेतले. जेम्स जॉन्सन आणि जॉर्ज थॉमसन यांच्या संग्रहांसाठी त्याने जुनी स्कॉटिश गीते गोळा केली, तुटलेली सांधली आणि सुरांना नवे शब्द दिले. ‘ऑल्ड लँग साइन’ हे गीत एका म्हाताऱ्याच्या तोंडून आपण उतरवून घेतले, असे त्याने कळविले होते. अ‍ॅलोवेचे देऊळही त्याच्या मनातून गेले नव्हते. पुराणवस्तूंचे अभ्यासक फ्रान्सिस ग्रोस यांनी आपल्या ग्रंथात त्या पडक्या देवळाचे चित्र घालावे म्हणून त्याने १७९० मध्ये ‘टॅम ओ’शँटर’ ही भुताखेतांची कथाकविता लिहून दिली. वडिलांचे थडगे ज्या आवारात होते, तेथेच त्याने चेटकिणींना नाचविले.

हृदयविकाराने तो खंगत गेला. समुद्रस्नानाच्या उपचारानेही गुण आला नाही आणि २१ जुलै १७९६ रोजी डंफ्रीस येथे त्याचा अंत झाला. २५ जुलैला सैनिकी इतमामाने अंत्ययात्रा निघाली आणि त्याच दिवशी जीनला मुलगा झाला. वर्षअखेरीस जॉन्सनच्या संग्रहाचा पाचवा भाग निघाला आणि ‘ऑल्ड लँग साइन’ प्रथम छापले गेले. सणांना मज्जाव असलेल्या देशाने वर्ष सरत्या रात्रीसाठी ते गीत आपलेसे केले आणि पुढे ते जगभर गेले.

१८०१ च्या जुलैत, त्याच्या पाचव्या पुण्यतिथीस, अ‍ॅलोवेच्या त्या मातीच्या घरात नऊ जण जेवणास जमले. रॉबर्ट एकन त्यांत होते. हा बेत जुळविणारे हॅमिल्टन पॉल हे प्रेसबिटेरियन मंडळीचे धर्मोपदेशक, पुढे ब्रॉटन गावचे पाळक झाले. मेंढीच्या कोथळ्यात शिजविलेल्या हॅगिस या गावठी पदार्थावर बर्न्सने कविता केली होती. ती म्हणून दाखविण्यात आली आणि तो पदार्थ वाढण्यात आला. १८१९ मध्ये पॉल यांनी बर्न्सच्या कवितांची आवृत्ती काढली आणि त्याच्या धार्मिक उपहासकवितांची बाजू उघडपणे मांडली. त्यापायी त्यांना मंडळीतील काहींचा रोष पत्करावा लागला.

हे स्मृतिभोजन पुढे जन्मदिनी, जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत होऊ लागले. आज स्कॉटलंडमध्ये आणि स्कॉटिश लोक जेथे जेथे गेले तेथे, अनेक प्रेसबिटेरियन मंडळ्यांच्या सभागृहांतही ते होते. तेथे पाळक प्रार्थना म्हणतात, कविता वाचल्या जातात आणि लहानथोर एका मेजाशी बसतात. शेवटी सारे उभे राहून हात हातांत गुंफतात आणि त्याचेच गीत गातात. मॉखलिनच्या उन्हाळी जत्रेची ती व्यासपीठे केव्हाच मोडली. भाकरी वाटून खाणाऱ्या सामान्य माणसांचा मेळा मात्र टिकला.